चौदा मेचा नकार

६ एप्रिल, मंगळवार

आज पहिल्यांदा कमिशनरसाहेबांची गाडी चालवली आणि पहिल्याच दिवशी गेलो कुठे, तर मयताला. गेलेल्या बाईंना साहेब ओळखतसुद्धा नव्हते. तिच्या नवऱ्याला कधीकाळी त्यांनी दफनविमा विकला होता, एवढंच. तेव्हा ते आमदारही नव्हते. दर शनिवारी दारोदार फिरून हप्ते गोळा करायचे. मग नऊ वेळा आमदार, मग सभागृहातल्या विमा समितीचे अध्यक्ष, आणि आता अख्ख्या राज्याचे विमा कमिशनर, तेही निवडून आलेले. पण मयत चुकवत नाहीत. शवपेटीपाशी उभे राहिले, लेकीचे दोन्ही हात हातात घेतले, मागच्या खोलीत बटाट्याचं सॅलड खाल्लं, निघताना स्वयंपाक करणाऱ्या बायकांची नावं विचारून घेतली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पोरा, लग्नाला कोण आलं होतं ते लोक विसरतात. मयताला कोण आलं नव्हतं ते मरेपर्यंत लक्षात ठेवतात."

हे कॉलेजात कोणी शिकवलं नसतं. कॉलेज सोडल्याचं मला तसूभर दुःख नाही. डीनच्या टेबलावरचा दिवा मी फोडला नव्हता. मी फक्त टेबलावर हात आपटला, दिवा आपला आपण पडला. आणि खरं सांगायचं तर एलोडी नसलेल्या गावात मी राहायचं तरी कशाला? मागच्या वर्षीच्या वादळानंतर ती शिक्षण सोडून बापाच्या मदतीला घरी गेली, आठवड्याभरात मीही बोचकं बांधलं. तिने बोलावलं नव्हतं. पण काही गोष्टी बोलून दाखवाव्या लागत नाहीत.

९ एप्रिल, गुड फ्रायडे

सुट्टी. राजधानीहून घरी, कॉर्बो बेला आलो. एलोडीच्या अंगणात दरवर्षीसारखे क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे शेवंडे, उकडले होते. टेबलावर वर्तमानपत्रं पसरून वर अख्खं पातेलं उपडं केलेलं, क्रॉफिश, कणसं, बटाटे, लसूण, आणि सगळे भोवती उभ्याउभ्याने खातायत. पण मजा नव्हती. एलोडीचे वडील मिस्टर आर्मां मासेमारीच्या बोटींना बर्फ पुरवतात. बर्फखाना खाली, घर वर. ते छप्पर वादळाने नेलं होतं, आत्ता कुठे परत चढलंय. आणि आता कंपनी किनाऱ्यावरच्या घरांचा हप्ता तिप्पट करायला निघाली आहे. (तिचं नाव या वहीत लिहायची माझी इच्छा नाही. किनाऱ्यावर सगळे नुसतं 'कंपनी' म्हणतात, दुसरी कोणती उरलीच नाही.) विमा नसेल तर बँक घरावर कर्ज ठेवणार नाही. कर्ज गेलं की घर गेलं, बर्फखाना गेला, आणि एलोडी पण गेली कुठेतरी.

"वादळाने छप्पर नेलं, हे कंपनीवाले खालचं नेणार," मिस्टर आर्मां म्हणाले.

मला राहवलं नाही. मी हातातलं कणीस खाली ठेवून सांगितलं, "विमा कमिशनरची सही लागते ना? ते माझे साहेब आहेत. नकार देतील. माझा शब्द."

"कोण, हॉलिस ट्राहान?" माझी मा म्हणाली. "अरे, आमदार असताना मतदान पुकारलं की त्याला नेमकी लघवी लागायची."

सगळे खदखदून हसले. तिकडे सभागृहात याला म्हणे 'फेरी मारणं' म्हणतात. अडचणीचा ठराव आला की माणूस उठून बाहेर फेरी मारायला जातो. हो म्हणाला असं होत नाही, नाही म्हणाला असंही होत नाही.

"नऊ निवडणुका पायांच्या जोरावर जिंकला तुझा साहेब," मा म्हणाली.

मी तिच्याशी दिवसभर बोललो नाही. एलोडी मात्र हसली नाही. माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "रॉडी, खरंच सांगशील त्यांना?" तिच्या बोटांचा तिखट मसाला माझ्या बाहीला लागला. सदरा धुवायचा नाही असं ठरवलंय.

पेरी पण होता. वादळानंतर विजेचे खांब उभे करायला टेनेसीहून माणसं आली होती, बाकीची परत गेली, हा राहिला. भला माणूस आहे, बोलत काही नाही. आर्मांचा ओटा दुरुस्त करतो, बदल्यात जेवतो. एलोडी त्याला क्रॉफिश सोलून देत होती, कारण त्या डोंगरातल्याला अजून ते सोलता येत नाहीत. सहा महिन्यांत! मला फार हसू आलं.

२० एप्रिल, मंगळवार

आज साहेबांना सांगून टाकलं. गाडीत आम्ही दोघंच होतो. बर्फखाना, छप्पर, मिस्टर आर्मां, सगळं. एलोडीचं नाव आलं तेव्हा साहेब आरशातून माझ्याकडे बघत होते.

"लग्न करणार आहेस तिच्याशी?"

"हो, साहेब."

"तिला माहीत आहे?"

"तसं माहीतच आहे."

 मग साहेबांनी कायदा सांगितला. कंपनीने दरवाढ मागितली की कमिशनरला एक मुदत असते. मुदतीत त्याचा लेखी नकार ऑफिसात दाखल झाला पाहिजे, कागदावर वेळेचा शिक्का पडला पाहिजे. नाही पडला तर कमिशनर गप्प राहिला, आणि गप्प राहिला म्हणजे कबूल. यावेळची मुदत चौदा मे, संध्याकाळी पाच.

"असा गाढव कायदा कोणी केला?" मी विचारलं.

"मी," साहेब म्हणाले. "चौतीस वर्षांचा होतो. तेव्हाचा कमिशनर कागदांवर अंडी उबवत बसायचा. दोन दोन वर्षं सही नाही. मी म्हटलं, गप्प बसण्याचीही किंमत मोजायला लावू. पेपरांनी फोटो छापला होता माझा. तेव्हा केस होते."

मी म्हणालो, मग आता सोपं आहे, नकार लिहायचा आणि शिक्का मारायचा.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. 

४ मे, मंगळवार

आज कॉर्बो बेच्या शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सुनावणी झाली. बास्केटबॉलच्या पाटीखाली साहेब आणि त्यांच्या शेजारी कंपनीचा वकील केस्लर. गुळगुळीत माणूस. समोर अख्खा किनारा. लोक ओरडत होते. एका म्हाताऱ्याने वादळात सापडलेला आपल्या घराचा दरवाजाच आणला होता, तो त्याने टेबलासमोर उभा केला आणि म्हणाला, "याचा विमा काढा."

एलोडी बोलली. निळा झगा. आवाज जरासुद्धा थरथरला नाही. "आम्ही फुकट मागत नाही. आम्ही राहायला मागतो." टाळ्यांनी छप्पर उडायची पाळी. पेरी मागच्या दाराशी उभा होता, तोही टाळ्या वाजवत होता, बिचाऱ्याचं इथे काय जाणार होतं? तरी आला.

साहेब उठले आणि म्हणाले, "मी तुमचं ऐकलं." एवढंच. पण असं म्हणाले की बायका रडायला लागल्या.

आणि त्यानंतर मी काय बघतो? हमरस्त्यावरच्या खानावळीत साहेब आणि तो केस्लर समोरासमोर बसून पेकानच्या दाण्यांचा गोड 'पाई' खातायत! एकाच बशीतून नाही, पण तरी. माझं डोकं फिरलं. साहेब गाडीत बसल्यावर मी दार असं आपटलं की काच हलली.

"बोल," साहेब म्हणाले.

"तुम्ही त्याच्याबरोबर खाता!"

"वीस वर्षं खातोय. जो माणूस तुझा गळा धरू शकतो त्याच्याबरोबर जेवावं, म्हणजे त्याचे हात दिसतात." मग जरा थांबून म्हणाले, "ऐक. मी नाही म्हटलं तर कंपनी जूनमध्ये किनारा सोडते. केस्लरने आत्ता तेच सांगितलं, पाई खाता खाता. मग तुझ्या आर्मांना तिप्पटच काय, दसपट देऊनही विमा मिळणार नाही. मी हो म्हटलं तर आर्मां आत्ताच जातो, आणि पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत मीही जातो. सांग काय करू? तू तर कॉलेजात गेला होतास."

 मी म्हणालो, "तरीसुद्धा नकारच द्या."

"का?"

"कारण ते बरोबर आहे."

साहेब हसले नाहीत. टाय सैल केला. एवढा मोठा माणूस, पण मागच्या सीटवर असे बसले होते जणू कोणी कोंडून घातलंय आणि दार कुठल्या भिंतीत आहे तेच आठवत नाहीये. मला त्यांची दया आली. दार आपटल्याबद्दल माफी मागितली.

१० मे, सोमवार

साहेब आज खुशीत. कारण विचारलं नाही. परतीच्या वाटेवर जुन्या गोष्टी निघाल्या. अधिवेशनाचा शेवटचा दिवस, कायद्याने मध्यरात्री सभागृह संपायलाच हवं, आणि शाळांच्या पैशांचा ठराव अजून बाकी. साहेबांनी खिडक्या उघडायची लांब काठी घेतली, खुर्चीवर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अडवून धरला. बारा वाजलेच नाहीत! सूर्य उगवेपर्यंत आमदार त्याच दिवसात बसून होते. ठराव मंजूर, मास्तरांना पगार.

"आणि ते कायदेशीर?" मी विचारलं.

"नोंदवहीत जी वेळ लिहिली ती वेळ. सभागृहातलं घड्याळ म्हणजेच कायदा. मास्तरांपैकी एकानेही तक्रार केली नाही."

मी इतका हसलो की गाडी पांढऱ्या पट्ट्यावर गेली. असा माणूस! मा काय बोलते याच्याबद्दल!

मग साहेब मिस विनीवर घसरले. मिस विनी दाखल-खिडकीवर बसते, सगळ्या कागदांवर वेळेचा शिक्का तीच मारते. "शुक्रवारी घाईने घरी पळते. शिक्क्याच्या यंत्रातल्या घड्याळाची चावी खिडकीखालच्या खिळ्याला तशीच लटकत असते. शंभरदा सांगितलं तिला. एखादा काटा फिरवून जाईल तरी कळायचं नाही." मी म्हटलं, मी सांगू का तिला? साहेब म्हणाले, "जाऊ दे. म्हातारी रागावते."

१४ मे

 सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी साहेब म्हणाले, हार्मनला जायचंय, मयत आहे. मिलार्ड टेट म्हणून त्यांच्याबरोबरचा जुना आमदार. हार्मन म्हणजे राज्याचं उत्तर टोक! मी म्हणालो, साहेब, आज चौदा. ते म्हणाले, "मला तारीख कळते, पोरा. टेटने मला पहिल्या अधिवेशनात बसायला खुर्ची दिली होती."

चर्च भरलेलं. तीन पाद्री बोलले, तिघांनाही वेळेचं भान नव्हतं. मग दफन. मग चर्चच्या तळघरात जेवण, तळलेली कोंबडी, वाल, पाच तऱ्हेचे केक. साहेब प्रत्येक टेबलापाशी बसले. मी दारात उभा राहून घड्याळ बघत होतो आणि मनात शिव्या घालत होतो, मेलेल्याला पण, देव मला क्षमा करो.

शेवटी साहेबांनी मला बाहेर मॅग्नोलियाच्या झाडाखाली बोलावलं. कोटाच्या आतल्या खिशातून लिफाफा काढला. नकार! मी स्वतः वाचला. 'दरवाढ नामंजूर.' खाली सही, तारीख बारा मे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"विनीच्या खिडकीवर दे. पाचच्या आत."

"तुम्ही येत नाही?"

"टेटच्या बायकोला असं सोडून कसा जाऊ? आणि टीव्हीवाले इथेच यायचेत, त्यांना इथेच सांगतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आर्मांचं घर तुझ्या हातात आहे आता. तुझ्यावर विश्वास आहे माझा. तू मार्ग काढणारा पोरगा आहेस."

मार्ग! पुढे लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक, एकामागे एक, आणि रस्ता एकपदरी. नदीवरचा पूल बोटींसाठी वर उचललेला. खालून तराफ्यांची रांग इतकी सावकाश चालली होती की मी गाडीतून उतरून कठड्याला लाथा घातल्या. पुलावरचा माणूस वरून ओरडला, "लाथा घालून नदी आटत नाही, भावा!"

पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. पायऱ्यांवर समोरून तो केस्लर खाली येत होता, बरोबर एक बाई, तिच्या हातात शिक्क्याची छोटी पेटी. मला बघून टोपीला हात लावला. "काय रॉडी, धावतोस का?" मी लिफाफा सदऱ्यात घातला आणि पुढे धावलो. याला काय काम इथे शुक्रवारचं, असं मनात आलं, पण थांबायला वेळ कुठे होता.

पहारेकरी मला ओळखतो, त्याने आत सोडलं. खिडकी बंद, मिस विनी गेलेली. यंत्रावरचं घड्याळ पाच वाजून अकरा मिनिटं. खाली हात घातला तर खिळा, खिळ्याला चावी. मला एकदम सभागृहातली ती काठी आठवली. मास्तरांना पगार मिळाला होता ना? कोणाचं नुकसान झालं होतं? नकार तर खरा होता, सही खरी होती, दोन दिवसांपूर्वीची होती. खोटा होता तो फक्त पूल.

काटा मागे फिरवला. पावणेपाच. कागद आत सरकवला. खट्ट.

मग काटा परत जागेवर, चावी खिळ्यावर. कागद मिस विनीच्या टोपलीत. बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसलो. एलोडी, एलोडी, एलोडी.

१५ मे

टीव्हीवर साहेब! चर्चच्या पायऱ्यांवर, काळ्या कोटात. "मी किनाऱ्याला सांगितलं होतं की मी ऐकलं. ही माझी सही." कॉर्बो बेमध्ये लोकांनी गाड्यांचे भोंगे वाजवले. मी एलोडीला फोन केला. ती रडत होती, हसत होती. मागून पेरीचाही आवाज येत होता, तोही ओरडत होता आनंदाने. मी तिला म्हणालो, "मी सांगितलं होतं ना?" ती म्हणाली, "रॉडी, तू किती चांगला आहेस." शब्दशः असं म्हणाली.

१८ मे, मंगळवार

संपलं.

ते यंत्र वेळेबरोबर अनुक्रमांकही छापतं. प्रत्येक शिक्क्याला पुढचा आकडा. वेळेच्या घड्याळाला चावी लागते, आकड्याला नाही, आकडा मागे फिरतच नाही. कंपनीची माणसं प्रत्येक मुदतीच्या दिवशी खिडकीवर बसून असतात, ही त्यांची जुनी रीत आहे म्हणे, या धंद्यात सगळ्यांना माहीत. त्या शुक्रवारी ठोक पाच वाजता केस्लरने एका कोऱ्या कागदावर मिस विनीकडून शिक्का मारून घेतला आणि त्या पेटीवाल्या बाईकडून, ती नोटरी होती, त्यावर साक्ष घेतली. माझ्या कागदाचा आकडा त्याच्या कागदाच्या पुढचा. वेळ पावणेपाच, आकडा पाचनंतरचा. लहान मुलालाही कळेल.

सगळ्यांना माहीत! मग मला कसं माहीत नव्हतं?

नकार रद्द. पाचपर्यंत कमिशनर गप्प होता, म्हणून दरवाढ मंजूर. एक जूनपासून.

पोलिसांनी दोन तास बसवून ठेवलं. सगळं सांगितलं, लपवायचं काय होतं. साहेबांचं पत्रक संध्याकाळच्या पेपरात: 'मी नकार दिला होता. एका तरुण कर्मचाऱ्याच्या उतावीळपणामुळे किनाऱ्यावर हा अन्याय झाला. माझं मन तुटलं आहे.' माझंही.

१९ मे

मा फोनवर. तिला वाटलं मी रडत असेन, म्हणून आधी ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाळा, एक सांग. सही बारा तारखेची. मग तो कागद दोन दिवस त्याच्या खिशात काय करत होता?"

मी फोन आपटला. तिला साहेब कधी आवडलेच नाहीत.

२१ मे, शुक्रवार

साहेब स्वतः माझ्या खोलीवर आले. एकटे, टॅक्सीने. पलंगावर बसले, दुसरं बसायला काही नाहीच. थकलेले दिसत होते. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी होते.

"मी तुला काटा फिरव म्हणालो होतो का, पोरा?"

"नाही, साहेब."

"कोणी विचारलं तर?"

"म्हणाला नव्हतात असंच सांगेन. खरंच आहे ते."

"शाबास." त्यांनी गुडघ्यावर हात टेकले. "सरकारी कागदात फेरफार. तुरुंग होऊ शकतो. पण न्यायाधीश माझ्याबरोबर सभागृहात होता. तू गुन्हा कबूल कर, खटला नको, साक्षी नकोत, जुन्या गोष्टी उकरणं नको. वर्षभर देखरेख. दर महिन्याला हजेरी, काहीतरी नोकरी, आणि राज्याबाहेर जायचं नाही. बस."

मी म्हणालो, राज्याबाहेर मला जायचंय कुठे?

"तेच म्हणतो मी," साहेब म्हणाले.

एवढं सगळं माझ्यामुळे झालं आणि हा माणूस मला वाचवायला आला! दाराशी पोचल्यावर वळून विचारलं, "त्या मुलीचं काय?" मी म्हटलं, ती समजून घेईल. साहेबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

८ जून

कबूल केलं. सही केली. न्यायाधीशांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

११ जून, शुक्रवार

कॉर्बो बेला गेलो. रस्त्यावर मासळीवाल्या बाईने माझ्याकडे पाठ फिरवली. बर्फखान्यावर 'विकणे आहे'ची पाटी. मिस्टर आर्मां बोटींना शेवटचा बर्फ देत होते. मला बघितलं आणि नुसते आत निघून गेले. त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

एलोडी ओट्यावर आली. नवीन फळ्या, पेरीने बसवलेल्या. बसली नाही.

"रॉडी, असं का केलंस?"

"तुझ्यासाठी."

"मी सांगितलं होतं?"

"तू म्हणालीस, सांगशील का त्यांना!"

"सांग म्हणाले होते मी. मी घड्याळं फिरव म्हणाले होते?" मग तिचा आवाज उतरला. "पाच मिनिटं, दहा मिनिटं उशीर झाला असता, तर लोकांनी त्या म्हाताऱ्या कमिशनरला विचारलं असतं ना की तू कुठे जेवत बसला होतास? आता कोणी विचारत नाही. आता सगळे तुझंच नाव घेतात."

मी म्हणालो, साहेबांबद्दल असं बोलू नकोस. ती माझ्याकडे बघत राहिली. असं कोणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, राग नव्हता त्यात, तेच वाईट.

"आम्ही टेनेसीला चाललोय. पेरीच्या आईचं मोठं घर आहे. पपांना तिथे काम मिळेल."

"भला माणूस आहे पेरी," मी म्हणालो. "मी पण येतो. तिकडे काही ना काही—"

"रॉडी." तिने डावा हात पुढे केला. साधी अंगठी, बारीकसा खडा. "ख्रिसमसच्या आधीपासून. तुला सांगायला मला वाटलं— तुला माहीत असेल असं वाटलं मला. सगळ्यांना माहीत होतं."

पुन्हा सगळ्यांना माहीत.

मी काय बोललो आठवत नाही. खूप बोललो. ओरडलो पण. पेरी आतून पाण्याचा पेला घेऊन आला आणि माझ्या हातात दिला, गाढव. मी तो पिऊन टाकला.

३ जुलै, शनिवार

त्यांचा ट्रक सकाळी निघाला. गाद्या, पलंग, मिस्टर आर्मांची बर्फाची करवत. मी मागोमाग गाडी घेतली, अंतर ठेवून. हद्दीवरच्या नदीच्या पुलापाशी थांबलो. पलीकडे दुसरं राज्य. पूल मोकळा होता, एक गाडी नव्हती समोर. इंजिन चालू ठेवून बसलो. मागून कोणीतरी भोंगा वाजवला तेव्हा वळलो.

२९ जुलै

कामासाठी सात ठिकाणी विचारलं. लाकडाच्या वखारीत मालकाने नाव ऐकलं आणि आतून बायकोला बोलावून आणलं मला बघायला. देखरेखीवरच्या बाई म्हणतात, महिनाअखेर नोकरी दाखवली नाहीस तर परत न्यायाधीशासमोर. मा म्हणते घरी ये. घरी जाऊन कॉर्बो बेच्या रस्त्यावर चालून दाखव म्हणावं.

३१ जुलै

साहेबांनी बोलावलं. टेबलावर नवी पत्रकं होती, अजून शाईचा वास येत होता. 'हॉलिस ट्राहान, गव्हर्नरसाठी.' शेजारी गाडीची किल्ली.

मी म्हणालो, "साहेब, लोक मला बघून तोंड फिरवतात. तुमचं नुकसान होईल."

"ते माझ्यावर सोड."

"आणि मला राज्याबाहेर जाता येत नाही."

"मतं कुठे राज्याबाहेर आहेत, पोरा?"

किल्ली उचलली. दुसरं काय उचलणार होतो?

१६ ऑगस्ट, सोमवार

आज प्रचार कॉर्बो बेला. मी गाडीतच बसून राहणार होतो, काच वर करून. साहेबांनी स्वतः दार उघडलं आणि म्हणाले, "ये." बोटींच्या धक्क्यावर सगळा गाव. निम्मी घरं रिकामी झाली आहेत तरी गर्दी होती. तळलेले मासे, बँड. साहेब माझा दंड धरून मला मंचावर घेऊन गेले. लोकांमधून आवाज उठला, चांगला नव्हता. कोणीतरी म्हणालं, "याला कशाला आणलं?" पहिल्या रांगेत मा बसली होती. तिने हातातली बशी बाजूला ठेवली.

साहेबांनी हात वर केला. गर्दी शांत झाली.

"या पोराने चूक केली," ते म्हणाले. "तुम्हाला राग आहे. मलाही होता. पण तो तुमचाच पोरगा आहे, आणि हॉलिस ट्राहान आपली माणसं टाकत नाही."

आधी एकाने टाळी वाजवली. मग चारांनी. मग सगळ्यांनी. ती मासळीवाली बाई डोळे पुसत होती. साहेबांचा हात माझ्या खांद्यावर होता, जड, उबदार. मी जरा बाजूला सरकलो तर हातही सरकला. मा एकटी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि मान हळूहळू हलवत होती, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

पेपरचा फोटोवाला पुढे आला, एक डोळा मिटून. "कमिशनर, असेच राहा. पोरा, तू खाली बघतोयस. वर बघ. हां. आता थोडं हस."

हसलो.